साकी, दिंडी आणि कावेरी: मराठी कीर्तन तमिळ देशात कसे रुजले?

१/
चेन्नईतील एखाद्या सभागृहात हरिकथा चालू असते. भाषा तमिळ, श्रोते तमिळ, राग कर्नाटक पद्धतीचे. कथा रंगात येते आणि कथाकार एका छंदातून दुसऱ्या छंदात सहज सरकतो. या छंदांची आणि गीतप्रकारांची नावे अशी: साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या, अंजनीगीत, घनाक्षरी. श्रोत्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नाही. तरीही ही नावे त्यांच्या कलेची स्वतःची परिभाषा झाली आहेत. ती तेथे कोणी नेली, कोणी स्वीकारली आणि राजसत्ता बुडाल्यावरही ती का टिकली, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/
गारखेडा केंद्र धरून नकाशा उघडला, तर या कथेची तीन मुळे जवळच सापडतात. वायव्येला वेरूळ: भोसले घराण्याचे, मालोजीराजांचे गाव. दक्षिणेला गोदाकाठचे पैठण: संत एकनाथांची कर्मभूमी. पूर्वेला जालना जिल्ह्यातील जांब: समर्थ रामदासांचे १६०८ मधील जन्मस्थान. तंजावरची गादी वेरूळच्या घराण्याची, तेथे नकलून ठेवलेल्या संतवाङ्मयात पैठणचे एकनाथ, आणि तेथील मठांची परंपरा जांबच्या समर्थांची. मराठवाड्यातील या तीन गावांचा स्वर हजार किलोमीटरहून दूर कावेरीच्या खोऱ्यात उतरला.

३/
संगीतावरून दोन समाजांचे जुने नाते ओळखता येते का? युरोपात या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आयर्लंड आणि फ्रान्सच्या वायव्य टोकावरील ब्रिटनी. दोन्हीकडील पारंपरिक भाषा केल्टिक कुळातील आहेत. ब्रिटनीतील लोरियाँ येथे १९७१ पासून केल्टिक समाजांचा मोठा संगीत महोत्सव भरतो. मात्र ब्रिटनीतून केल्टिक वीणा लुप्त झाली होती. ती विसाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा घडवण्यात आली. तेथील वाद्यपथकांनी स्कॉटलंडची मशकवाद्येही त्याच शतकात स्वीकारली. म्हणजे आज ऐकू येणारे साम्य काही अंशी प्राचीन आहे आणि काही अंशी अलीकडे, जाणीवपूर्वक घडवलेले आहे.

४/
यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी शिकावी. कानाला भासणारे साम्य हा पुरावा नव्हे, ती केवळ शोधाची सुरुवात असते. नाते सिद्ध करण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, शब्द: कलेची परिभाषा कोणत्या भाषेतून आली? दुसरी, साचा: रचनेची बांधणी कोठली? तिसरी, माणसे: ती विद्या घेऊन प्रत्यक्ष कोण गेले, कोणी शिकवले, कोण शिकले? मराठी आणि तमिळ समाजांच्या सांगीतिक नात्यात या तिन्ही प्रश्नांना उत्तरे मिळतात. म्हणूनच हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

५/
प्रथम राजकीय पार्श्वभूमी. शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेऊन तेथे स्वतःची गादी स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे नांदली. सैनिक, कारभारी, कारकून, पुराणिक, वैद्य आणि कीर्तनकार अशी मराठी कुटुंबे तिच्यामागोमाग दक्षिणेत स्थायिक झाली. घरात मराठी, बाजारात तमिळ, विद्वत्सभेत संस्कृत आणि दरबारी काव्यात तेलुगू, असे चौपदरी जीवन त्यांच्या वाट्याला आले.

६/
तेलुगू येथे कोठून आली? मराठ्यांपूर्वी तंजावरवर नायकांचे राज्य होते आणि त्यांच्या दरबारातील काव्य-संगीताची भाषा तेलुगू होती. नव्या मराठी राजांनी ती मोडली नाही. उलट ते स्वतः तिच्यात रचना करू लागले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांचे ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे गेयनाट्य तेलुगूत आहे आणि ते तिरुवारूरच्या त्यागराज या शिवस्वरूपाला वाहिलेले आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या मालोजीराजांचा हा वंशज तमिळ भूमीतील शिवासाठी तेलुगूत पदे रचत होता. विजेत्याने जिंकलेल्या प्रदेशाची कला आधी शिकून घेतली, ही या कथेतील पहिली महत्त्वाची गोष्ट.

७/
याच शहाजीराजांच्या नावावर मराठी नाटकेही आहेत. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांपैकी एक. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ मध्ये. तंजावरची मराठी नाट्यरचना त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहे. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पात्रे पाच भाषांत बोलतात, मराठी आणि तमिळ त्यांत आहेतच. एका राजाने एकाच रंगमंचावर पाच भाषा शेजारी शेजारी उभ्या कराव्यात, याचा अर्थ प्रेक्षकांत त्या समजणारे लोक होते. बहुभाषिकता तेथे रोजचा व्यवहार होती.

८/
१७२८ ते १७३६ या काळात गादीवर असलेले तुळजाराजे यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. दक्षिणेतील तत्कालीन रागांची लक्षणे आणि प्रचारातील उदाहरणे त्यात नोंदलेली असल्यामुळे कर्नाटक संगीताच्या अभ्यासकांना आजही तो उघडावा लागतो. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री ही संगीतातील त्रिमूर्ती या ग्रंथानंतरच्या पिढ्यांतली. त्यांच्यापूर्वी राग कसे गायले जात, हे जाणून घेण्याचा एक प्रमुख मार्ग एका मराठी राजाच्या लेखणीतून जातो.

९/
आता दरबाराबाहेर येऊ. तंजावर परिसरात समर्थ संप्रदायाचे मठ स्थापन झाले. भीमस्वामी तंजावरकर हे तेथील परंपरेतील ठळक नाव. समर्थांच्या चरित्रकारांमध्येही त्यांची गणना होते. सज्जनगडावरील राममूर्ती तंजावरला घडवून व्यंकोजीराजांकडून आल्या आणि १६८२ मध्ये समर्थांच्या निर्याणापूर्वी गडावर पोहोचल्या, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. मठ म्हटला की नित्य उपासना आली आणि उपासना म्हटली की कीर्तन आले. राजवाड्यातील नाटक निमंत्रितांसाठी असे, मठातील कीर्तन मात्र दारात येईल त्या प्रत्येकाला ऐकता येई. तमिळ शेजाऱ्यांच्या कानी मराठी छंद पडले ते प्रामुख्याने या वाटेने.

१०/
कीर्तनाचा साचा काय होता? नारदीय कीर्तनात कीर्तनकार उभा राहून निरूपण करतो. आरंभी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे तात्त्विक विवेचन आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला दृष्टान्त ठरणारे आख्यान. हाती चिपळ्या, साथीला झांज आणि मृदंग, मागे ध्रुपद उचलणारे साथीदार. गाणे, बोलणे, अभिनय आणि विनोद हे सारे एकाच माणसाने सांभाळायचे. तमिळ देशात पुराणकथन होते, तेवारम् आणि दिव्यप्रबंधाचे गायन होते, मंदिरांतील नृत्य होते. पण एकाच व्यक्तीने उभ्याने, तालासुरात, दोन-तीन तास कथा पेलून धरण्याची ही बांधणी तेथील श्रोत्यांना नवी होती.

११/
जमीन मात्र तयार होती. शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. दक्षिणेतील नामसंकीर्तन परंपरेचे एक आद्य पुरुष श्रीधर अय्यावाळ हे याच गावचे. दुसरे, बोधेंद्र स्वामी, कावेरीकाठच्या गोविंदपुरमचे. पुढे मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी या भजनपद्धतीला निश्चित क्रम दिला. जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, पुरंदरदासांची पदे आणि मराठी संतांचे अभंग अशी तिची घडण झाली. विठ्ठल तेथे परका राहिला नाही. तो या भजनातील नित्याचा देव झाला.

१२/
दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) गादीवर आले तेव्हा राज्य हातातून निसटत होते. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, तनखा आणि मान उरला. त्यांनी आपले बळ ग्रंथ, वैद्यक, चित्रकला आणि संगीताकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयात आज मराठीच्या सुमारे ३,००० हस्तलिखितांचा संग्रह आहे. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरण्यात आला. राज्य गमावत असलेल्या राजाने वंशाची स्मृती चोळकालीन मंदिराच्या दगडात ठेवली, हे दृश्य विलक्षण आहे.

१३/
संगीताच्या दृष्टीने सरफोजींच्या दोन मराठी कृती मोलाच्या. ‘देवेंद्र कुरवंजी’मध्ये जगाचा भूगोल सांगितला आहे. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती ही डोंगरदऱ्यांत राहणारी स्त्री आपल्या देशाचे वर्णन करते. सरफोजींनी तोच साचा घेतला आणि तिच्या तोंडी जगातील देश, नद्या आणि पर्वत घातले. आधुनिक भूगोल, तमिळ रूपबंध आणि मराठी शब्द यांचा असा मेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अन्यत्र शोधूनही सापडणे कठीण.

१४/
दुसरी कृती म्हणजे ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. नावच वाचावे. ‘कोर्वा’ हा ‘कोर्वै’ म्हणजे गुंफण या तमिळ शब्दातून आलेला, ‘साहित्य’ संस्कृत, ‘जिन्नस’ अरबी-फारसीतून मराठीत रुळलेला आणि षष्ठीचे प्रत्यय शुद्ध मराठी. आत आहेत नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे: जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना, मंगल अशा क्रमाने गुंफलेली. आज भरतनाट्यम् या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नृत्याचा मराठीतील हा लिखित दस्तऐवज आहे. याच दरबाराशी संबंधित चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी त्या नृत्याच्या प्रयोगाचा क्रम घडवला.

१५/
साचा आणि शब्द पाहिले, आता माणसे. तंजावर परंपरेतील मराठी कीर्तनकार मेरुस्वामी, म्हणजेच अनंतपद्मनाभ गोस्वामी, हे त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ (१८१३ ते १८४६) यांच्या दरबारी गेले. या राजाला लहानपणी शिकवणारे सुब्बराव हेही तंजावरचे मराठी गृहस्थ. कीर्तनाच्या प्रभावातून स्वाती तिरुनाळ यांनी ‘कुचेलोपाख्यानम्’ आणि ‘अजामिलोपाख्यानम्’ ही संस्कृत आख्याने रचली. सुदामा आणि अजामिळ हे तर मराठी कीर्तनकारांचे आवडते विषय. गोदावरीकाठी ऐकू येणारी आख्याने अशा रीतीने केरळच्या राजवाड्यात पोहोचली.

१६/
१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी हे पुरुष वारस न ठेवता निधन पावले आणि कंपनीने गादी खालसा केली. आश्रय आटला, कलावंत पांगले. राजवाड्यातील नाटके पोथ्यांत बंद झाली. सर्वसाधारण अनुमान असे की येथे मराठी प्रभावही संपावा. घडले मात्र उलट. मराठी कीर्तनाचा तमिळ समाजावरील सर्वांत खोल ठसा उमटला तो गादी संपल्यानंतरच्या काळात. म्हणजे हा प्रसार राजाज्ञेने झालेला नव्हता. ज्यांना ही कला हवीशी वाटली, त्यांनी ती आपणहून घेतली.

१७/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनांनी नगर भारून गेले. ती कीर्तने ऐकणाऱ्यांत एक तरुण तमिळ गायक होता: तंजावर कृष्ण भागवतर. त्यांनी मराठी कीर्तनाची पद्धत आत्मसात केली, छंद उचलले आणि कर्नाटक रागसंगीत व तमिळ निरूपण यांच्याशी त्यांचा सांधा जुळवला. पंचपदीने आरंभ, मग विषयाचे विवेचन, मग आख्यान, असा नवा घाट तयार झाला. तमिळ हरिकथेच्या आधुनिक रूपाचे जनक म्हणून कृष्ण भागवतरांचेच नाव घेतले जाते. हातातील वाद्याचे नावही तमिळमध्ये ‘चिप्ला’ असेच राहिले.

१८/
साकी आणि दिंडीच का हव्याशा वाटल्या? याचे उत्तर छंदांच्या कार्यात आहे. कर्नाटक कीर्तनात एकाच ओळीभोवती स्वरांचा विस्तार होतो; भाव खोल जातो, पण कथा थांबते. कथाकाराला कथा पुढे न्यायची असते. साकीच्या चरणात १६ आणि १२ मिळून २८ मात्रा, दिंडीच्या चरणात ९ आणि १० मिळून १९. आटोपशीर चरण, ठरलेली चाल, झटपट पुढे सरकणारा अर्थ. साकीत प्रसंग सांगावा, दिंडीत करुण भाव आळवावा, ओवीत निवेदन करावे, अशी कामाची विभागणी या छंदांमुळे शक्य झाली. गरज होती, म्हणून उसनवारी टिकली.

१९/
येथे एक योगायोग ध्यानात घ्यावा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले आणि साकी-दिंडी मराठी नाट्यगृहात दुमदुमू लागल्या. जवळपास त्याच काळात कावेरीकाठी तेच छंद हरिकथेत घर करत होते. कीर्तनाच्या एकाच खोडाला दोन फांद्या फुटल्या: एक मराठी संगीत नाटकाची, दुसरी तमिळ हरिकथेची. मराठी नाट्यपद आवडीने ऐकणाऱ्याला हरिकथेतील साकी कानावर पडताच ओळखीची वाटते, ती यामुळे.

२०/
घेतलेल्या साच्यात तमिळ समाजाने स्वतःचे प्राण ओतले. गोपालकृष्ण भारती यांनी एकोणिसाव्या शतकात रचलेले ‘नंदनार चरित्रम्’ हे हरिकथेतील अत्यंत लोकप्रिय आख्यान ठरले. नंदनार हा अस्पृश्य मानलेल्या जातीतील शिवभक्त शेतमजूर. चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हा त्याचा ध्यास. मराठी वाचकाला येथे चोखोबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पंढरीच्या महाद्वारी उभा असलेला एक भक्त आणि चिदंबरमच्या वेशीवर उभा असलेला दुसरा. विसाव्या शतकाच्या आरंभी सी. सरस्वतीबाई यांनी विरोध पत्करून हरिकथेच्या मंचावर स्त्रीचा प्रवेश घडवला. साचा परका असता, तर समाजाने आपल्या इतक्या जिव्हाळ्याच्या वेदना त्यात मांडल्या नसत्या.

२१/
हरिकथेच्या साथीला मृदंग अपरिहार्य. मृदंगवादनाच्या तंजावर घराण्याचा उगम सांगताना नारायणस्वामी अप्पा हे नाव प्रारंभीच येते, आणि ते मराठी कुटुंबातले होते. भजन-कीर्तनाची साथ करताना घडलेला हात पुढे रागसंगीताच्या मैफलीत गेला. छंदांची नावे तरी ऐकताच ओळखू येतात. मृदंगाच्या बोलांत दडलेला हा वारसा मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही.

२२/
हे सारे अभिजनांपुरते होते काय? लावणीकडे पाहावे. तंजावर परिसरातील खेड्यांत कामदहनाच्या उत्सवात ‘लावणि’ नावाचा सवाल-जवाब रंगतो. एक पक्ष म्हणतो, शिवाच्या तिसऱ्या डोळ्याने मदन जळाला; दुसरा म्हणतो, जळाला नाही. रात्रभर पद्यात वाद चालतो. वाद्ये कोणती? डफाच्या जातीचे ‘टेप’ आणि तुणतुण्याशी नाते सांगणारे ‘तुंतिना’. महाराष्ट्रातील कलगी-तुऱ्याच्या फडात शिव श्रेष्ठ की शक्ती, हा वाद याच रीतीने गायला जातो. ढोलकीच्या तालावरील शृंगारिक लावणी सर्वांना ठाऊक आहे. वादाची लावणी महाराष्ट्रात क्षीण झाली, आणि तिचे एक रूप तमिळ शेतकऱ्यांनी जपले.

२३/
प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. १८८० मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला. त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि नट्टुवनार बडोद्याला आले आणि एका मराठी दरबारात तमिळ नृत्य रुजले. १९०४ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली आणि तंजावरच्या नायककाळात व्यंकटमखींनी रचलेल्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’शी त्यांचा जवळून परिचय झाला. तेथील ७२ मेळांच्या विचारातून त्यांना हिंदुस्थानी रागांच्या १० थाटांची दिशा मिळाली. आज मराठवाड्यातील संगीतवर्गात विद्यार्थी बिलावल, कल्याण, खमाज असे थाट पाठ करतात, त्यामागे तंजावरचा तो ग्रंथ उभा आहे.

२४/
मराठी आणि तंजावर म्हटले की समाजमाध्यमांवर हमखास सांबाराची गोष्ट येते: संभाजीराजांच्या आगमनामुळे त्या पदार्थाला हे नाव पडले, अशी. गोष्ट चविष्ट आहे, पण तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. दुसरी सवय ‘दक्षिण दिग्विजय’ एवढ्याच चौकटीत तंजावर पाहण्याची. विजय झाला, हे खरेच. परंतु त्या विजयाने मराठी राजाला तेलुगू कवी बनवले आणि पराजयानंतर तमिळ गायकाने मराठी छंद उचलले. तलवारीच्या कथेत हे दोन्ही प्रसंग बसत नाहीत, म्हणून ते सांगायचे राहून जातात.

२५/
विसाव्या शतकातही हा धागा तुटला नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, तमिळ ‘तुकाराम’ पडद्यावर आला आणि त्यात तुकोबांची भूमिका केली ती विख्यात कर्नाटक गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांनी. आज चेन्नईच्या मैफलींत उत्तरार्धात अभंगाची फर्माईश होते. गोविंदपुरम येथे २०११ मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. त्याचे शिखर दाक्षिणात्य गोपुरासारखे नाही, महाराष्ट्रातील देवळांच्या धर्तीचे आहे. अभंग गाणाऱ्या तमिळ गायकाच्या उच्चारांत ‘ळ’ आणि ‘च’ किंचित वेगळे ऐकू येतात. त्या वेगळेपणात तीन शतकांचा प्रवास ऐकता आला पाहिजे.

२६/
मग अडचण कोठे आहे? ती वारसा वाचण्यात आहे. तंजावरच्या मराठी घरांतील बोली नव्या पिढीत मंदावत चालली आहे. सरस्वती महालातील दरबारी कागद मोडीत आहेत; तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, पण महाराष्ट्रातील फारच थोडे वाचक तमिळ जाणतात. सरफोजींची निरूपणे वाचायला मराठी हवी, समजायला कर्नाटक राग-ताल हवेत, आणि नाचायला तमिळ नट्टुवनारांची परंपरा हवी. एकट्या मराठी किंवा एकट्या तमिळ अभ्यासकाला हे दार उघडत नाही. दोन्ही समाजांनी मिळून घडवलेली गोष्ट दोघांनी मिळूनच वाचावी लागते.

२७/
शिवाय साकी-दिंडी महाराष्ट्रातही आता नारदीय कीर्तन आणि जुनी संगीत नाटके यांपुरत्या उरल्या आहेत, आणि तमिळ देशात हरिकथेचे श्रोते कमी होत आहेत. दोन्ही टोकांना एकाच वेळी झीज लागलेली आहे. तरुण अभ्यासकांसाठी काम भरपूर आहे: मोडी शिकणे, तमिळ अक्षरओळख करून घेणे, गावातील वृद्ध कीर्तनकारांच्या चाली ध्वनिमुद्रित करणे, त्याच छंदाची तमिळ चाल शेजारी ठेवून ताडून पाहणे. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्याने परतताना एखाद्या तमिळ हरिकथेचे ध्वनिमुद्रण लावावे. शब्द कळणार नाहीत. दिंडी लागली की मात्र लगेच कळेल.